टेम्पो बोलावण्याआधी एक रविवार द्या : मुंबईतल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटी सदस्य,
मुंबईतल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष,

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की बऱ्याच सोसायट्यांच्या बोर्डावर नोटीस लागते : येत्या रविवारी ई-कचऱ्याचा टेम्पो येणार आहे, जुने कॉम्प्युटर, प्रिंटर, चार्जर गेटपाशी आणून ठेवावेत. या नोटिशीबद्दल आमची तक्रार नाही. कुठेतरी वायरी जाळून तांबं काढलं जाण्यापेक्षा हे कधीही बरं. तक्रार आहे ती टेम्पोत चढणाऱ्या मालाबद्दल. त्यातले पुष्कळ कॉम्प्युटर धडधाकट असतात, आतलं विंडोज तेवढं म्हातारं झालेलं असतं.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव मुदतीसाठी ज्यांनी नोंदणी केली त्यांना एक वर्ष जास्तीचं मिळालं, इतकंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, यूईएफआय आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होण्याची नवी, सुरक्षित पद्धत) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आठ जीबी रॅमचा, आजही कुरकुर न करणारा आय-फाइव्ह कागदावर नापास. दुकानात नेला तर ‘आता नवीनच घ्या’ हे ठरलेलं उत्तर.

आमचं मागणं एकच आहे. टेम्पोच्या आधीचा एक रविवार सोसायटीचा हॉल द्या. खाली येणारा प्रत्येक कॉम्प्युटर आधी पंधरा मिनिटं टेबलावर तपासला जाऊ दे. चालण्याजोगा असेल त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत कार्यप्रणाली) चढवून तो मालकाला परत द्या, किंवा ज्याच्या घरी नाही त्याला द्या. उरेल ते टेम्पोत जाऊ दे. ‘करणार कोण आणि कसं’ हे कमिटीच्या बैठकीत कोणीतरी विचारणारच, म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहोत.

आधी यंत्राचं वय बघा. २०११ नंतरचे, दुसऱ्या ते सातव्या पिढीतले आय-थ्री आणि आय-फाइव्ह हा सगळ्यात सोपा गट. चार जीबी रॅम आणि एसएसडी (फिरत्या ताटलीऐवजी चिपांवर चालणारी वेगवान डिस्क) असली की लिनक्सच्या मिंट या प्रकाराची हलकी एक्सएफसीई आवृत्ती त्यावर निवांत चालते. आठ जीबी असेल तर मिंटचीच सिनॅमन आवृत्ती घ्या. खाली पट्टी, डावीकडे मेनू, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच हात बसतो. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या लिनक्सवर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

दुसरा गट २००७ ते २०१० च्या आसपासच्या कोअर टू ड्युओचा. इथे एक चूक हमखास होते. या यंत्रांवर बहुतेकदा ३२ बिटचं (जुन्या घडणीचं; आजचं सगळं ६४ बिटचं) विंडोज ७ असतं, प्रॉपर्टीजमध्ये ‘३२ बिट’ असं दिसतं, आणि लोक यंत्रच ३२ बिटचं समजून भंगारात काढतात. तो आकडा विंडोजचा असतो. कोअर टू ड्युओ ६४ बिटचाच प्रोसेसर आहे आणि त्यावर आजचं लिनक्स चढतं. चार जीबी रॅम असेल तर मिंट एक्सएफसीई, दोनच असेल तर अँटीएक्स किंवा एमएक्स लिनक्सची फ्लक्सबॉक्स आवृत्ती (ही आणखी हलकी लिनक्सं). जी-३१ चिपसेटच्या मदरबोर्डवर चार जीबीच्या वर रॅम जातच नाही, त्यामुळे तिथे जास्त पैसे घालू नका. जी-४१ च्या डीडीआर-थ्री बोर्डवर आठ जीबी जाते, पण एक मेख आहे : चार जीबीच्या ज्या पट्टीवर आठच चिपा असतात ती हा बोर्ड नीट ओळखत नाही. सोळा चिपांची, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा असलेली पट्टी मागा.

तिसरा गट सुरुवातीच्या पेंटियम फोर आणि पहिल्या अॅटमचा. हे खरोखर ३२ बिटचे. यांच्याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. लिनक्सवरचं ३२ बिटचं क्रोम २०१६ मध्येच बंद झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही, आणि फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर हात काढून घेतला. डेबियन १२ वर बेतलेलं अँटीएक्स २३ यावर चढतं, टायपिंग होतं, गाणी वाजतात. पण बँकेची साइट उघडायला असं यंत्र कोणाच्या गळ्यात मारू नका.

आता टेबलावरची तपासणी. ‘चालूच होत नाही’ अशी चिठ्ठी लावून आलेला डबा (ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो, खरा सीपीयू आत पंख्याखाली दडलेला असतो) मुंबईत बऱ्याचदा रॅमवरून अडलेला असतो. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पावसाळा, आणि डबा नेमका खिडकीखाली. रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढतो. बटण दाबलं की पंखा फिरतो, स्क्रीन काळीच राहते, आतून बीप ऐकू येत राहतो. अशा वेळी स्विच बंद करून वायर काढा आणि मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला विद्युतभार उतरतो. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्या बाहेर ढकलून पट्टी काढा. शाळेतला पांढरा खोडरबर त्या दातांवर एकाच दिशेने चार-पाच वेळा फिरवा, दुसरी बाजूही तशीच. चुरा झटका, खाचेत कोरडा रंगाचा ब्रश फिरवा, आणि पट्टी दोन्ही खिट्या ‘टक’ करेपर्यंत सरळ दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, म्हणजे मेलेली कोणती ते कळतं. काही महाभाग सँडपेपर वापरतात. त्याने सोन्याचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात ती पट्टी कायमची बाद होते.

दुसरी स्वस्तातली दुरुस्ती म्हणजे बोर्डवरचा बटण-सेल, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की दर वेळी घड्याळ कुठल्यातरी जुन्या सालात जातं. मग ब्राउझर प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला हरकत घेतो आणि घरचे म्हणतात, इंटरनेट बिघडलं. सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

बोर्डवरच्या उभ्या डब्यांसारख्या कपॅसिटरांचे माथे सपाट हवेत. फुगलेले किंवा तपकिरी झिरपलेले दिसले तर वेळ घालवू नका, तो बोर्ड टेम्पोचा. पंखा धुळीने बुजलेला असेल तर झाडून घ्या. प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडू झाली असेल तर पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावली म्हणून जास्त थंड राहत नाही.

हार्ड डिस्कचा निकाल लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता ज्यावरून लिनक्स थेट चालतं तो; करण्याची रीत पुढे आहे) लागतो. मिंट पेनड्राइव्हवरून चालू केलं की मेनूत ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्राम असतो. त्यात स्मार्ट डेटा (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) उघडा. दोनच ओळी पाहायच्या, रीअलोकेटेड सेक्टर काउंट आणि करंट पेंडिंग सेक्टर काउंट. दुसरीत शून्याच्या वर आकडा असेल तर त्या डिस्कवर काहीही चढवू नका. आधी फोटो उतरवून घ्या, ती कधीही मान टाकेल.

डिस्क चांगली असली तरी शक्य तिथे एसएसडी घालाच. जुन्या यंत्राचा संथपणा बहुतेक वेळा फिरत्या डिस्कचा असतो. घरगुती वापराला १२० जीबी पुरते, २४० असली तर ऐसपैस. डेस्कटॉपमध्ये अडीच इंची एसएसडी बसवायचा ब्रॅकेट नसेल तर दोन स्क्रूंवर बसवली तरी चालते, तिच्यात हलणारं काही नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये जागा साडेनऊ मिलिमीटरची आणि एसएसडी सात मिलिमीटरची असते, म्हणून ती आत डुगडुगते. सोबतची प्लास्टिकची चौकट फेकू नका. भावाचा आकडा लिहीत नाही, कारण २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढते आहेत. जुनी रॅम लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) शोधताना ‘जुन्या कॉम्प्युटरची रॅम’ असं मोघम मागू नका. डीडीआर-टू की थ्री, डेस्कटॉपची की लॅपटॉपची, किती जीबी, हे सांगा आणि जुनी पट्टी खिशात घेऊन जा.

चढवण्याची रीत अशी. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. रस्त्यावर मिळणारा ‘दोन टीबी’वाला घेऊ नका, तो मध्येच फाइल खातो. मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. ती मिंटच्या साइटवरून उतरवून तिचा शा-२५६ आकडा (फाइल धड उतरली का हे सांगणारा) ताडून पाहा आणि विंडोजवर रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहा. जुन्या यंत्रासाठी रूफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा. पेनड्राइव्ह डब्याच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. पुढचे पोर्ट वर्षानुवर्षांच्या खेचाखेचीने सैल झालेले असतात. बूट मेनूची कळ डेल, लेनोवो आणि गिगाबाइटवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, आसुसवर एफ-८ किंवा एस्केप. जुनं एनव्हिडिया कार्ड असेल आणि स्क्रीन काळी पडली तर सुरुवातीच्या यादीतला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडा.

लाइव्ह चालू झालं की लगेच इन्स्टॉल करत सुटू नका. आवाज, वायफाय, कॅमेरा बघून घ्या. वेगावरून मात्र मत बनवू नका, कारण सगळं पेनड्राइव्हवरून वाचलं जातंय. वायफाय दिसत नसेल तर जुन्या लॅपटॉपांत बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा, त्यावरून इंटरनेट मिळतं, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ स्वतःच योग्य ड्रायव्हर सुचवतो.

सगळ्यात मोठी दुर्घटना ‘इरेज डिस्क’ या एका ओळीवर घडते. मुलांचे लहानपणचे फोटो, वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रं, सगळं एका टिचकीत जातं. म्हणून हॉलमध्ये नियम एकच ठेवा : एसएसडी घालायची असेल तर जुनी डिस्क आधी बाहेर काढायची, तिच्यावर फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावायची आणि ती मालकाच्या हातात द्यायची. हाच त्यांचा बॅकअप. महिनाभर तिला हात लावू नये असं बजावून सांगा. जुन्याच डिस्कवर चढवायचं असेल तर डेटा बाहेर उतरवल्याचं मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. ‘फॉरमॅट मारून द्या’ असं म्हणणाऱ्या माणसाला तो काय मारायला सांगतोय हे बहुधा ठाऊक नसतं.

विंडोजही ठेवायचं असेल तर दोन गोष्टी. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शट डाउन करा. नाहीतर ते अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. दुसरी गोष्ट घड्याळाची. लिनक्स यंत्रातलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर धरतं, विंडोज स्थानिक वेळेवर. त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ बरोबर साडेपाच तासांनी सरकलेली दिसते. घाबरू नका, लिनक्सला यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेचं मानायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

यूट्यूब अडखळतंय ही तक्रार नक्की येईल. २०११ च्या इंटेल ग्राफिक्सला एच-२६४ प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरमधून उलगडता येतो, यूट्यूब मात्र पाठवतं व्हीपी-९, आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच-२६४ मागणारं एक्स्टेन्शन टाकलं की पंख्याचा आवाज उतरतो. कोअर टूवर ४८० पीवर समाधान माना.

मराठीकडे आपल्याकडे कायम शेवटी बघितलं जातं, म्हणून जरा थांबून लिहितो. आयबस आणि एम१७एन हे दोन भाग बसवले की इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि गमभन पद्धतीचेही मराठी कळफलक मिळतात. लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारा मोफत प्रोग्राम) भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची भाषा मराठी करा. ती हिंदी राहिली तर ज्या फॉन्टांत दोन्ही वळणं आहेत तिथे ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात आणि नोटीस परक्या हाताने लिहिल्यासारखी वाटते. खरी अडचण सोसायटीच्या जुन्या फाइलींची आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली इतिवृत्तं नव्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला होऊन उघडतात, कारण त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली होती. ही विंडोज-लिनक्सची भानगड नाही, युनिकोड नसल्याची आहे. कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, जोडाक्षरं आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ्य तिथे हमखास घसरतो.

सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर मात्र घाईने बदलू नका. हिशेब टॅलीत असतील तर ते यंत्र विंडोजवरच राहू दे. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारी सोय) टॅली चालवण्याचा खटाटोप ऑडिटच्या तोंडावर महागात पडतो. एक्सेलच्या साध्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मॅक्रोवाल्या अडतात. जुन्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं वेबपान बऱ्याचदा इंटरनेट एक्स्प्लोररच्या अॅक्टिव्हएक्सशिवाय चित्र दाखवत नाही. तिथे डीव्हीआरलाच एक मॉनिटर जोडा, किंवा डीव्हीआरमध्ये आरटीएसपी (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याची सोय) चालू असेल तर व्हीएलसीत बघा. प्रिंटर एचपी १०२० असेल तर एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हरसोबत त्याचं प्लगइन घालावं लागतं, नाहीतर तो जोडलेला दिसतो आणि कागद काढत नाही. कॅनन एलबीपी-२९०० ला निराळा कॅप्ट ड्रायव्हर लागतो. त्याच्या नादाला हॉलमधल्या रविवारी लागू नका.

दुसऱ्याला द्यायच्या यंत्रातली किंवा टेम्पोत जाणारी डिस्क आधी पुसा. सभासदांच्या आधार-पॅनच्या प्रती ऑफिसच्या डिस्कवर असतातच, आणि ‘डिलीट’ केल्याने त्या जात नाहीत. एनवाइप या डिस्क पुसणाऱ्या प्रोग्रामने एक फेरा पुरे; ५०० जीबीच्या फिरत्या डिस्कला दीड-दोन तास लागतात, तेव्हा सकाळीच लावून द्या. डिस्क ओळखतच नसेल तर ताटलीला आरपार भोक पाडा. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी कोणी टोचू नये, सुक्या कचऱ्यात टाकू नये. वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवून नोंदणीकृत रिसायकलरला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत रिसायकलरसोबत रीफर्बिशरलाही, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यालाही, वेगळं स्थान आहे. वस्तू मोडण्याआधी दुरुस्त करावी हे सरकारदरबारीही मान्य आहे.

शिकवणार कोण, याची चिंता कमी करा. पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल लिनक्स आणि लिब्रेऑफिसवर मराठीतही आहेत, फुकट आहेत. केरळात सरकारी शाळांमधली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकताहेत, तेव्हा आपल्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंनाही जमेल.

हॉलचा हिशेब. सकाळी दहा ते पाच, सहा टेबलं, एका वेळी दहा यंत्रं. डेस्कटॉप आणि एलसीडी मॉनिटर मिळून साधारण १२० वॉट धरा, दहांचे १,२०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टवर पाच अँपिअरच्या वर. सहा अँपिअरच्या एकाच सॉकेटवर सगळं लटकवू नका. दोन वेगळ्या सॉकेटांवर दोन एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. जुने पिक्चर ट्यूबवाले मॉनिटर असतील तर पाचच यंत्रं. पहिलं अपडेट प्रत्येकी कित्येकशे एमबीचं असतं, दहा यंत्रांनी एकदम मागितलं की वायफाय गुदमरतं. राउटरपासून एक लांब लॅन केबल आणि आठ पोर्टचा स्विच मांडा. आधीच लिनक्सच्या फाइली (आयएसओ) आणि तीन पेनड्राइव्ह तयार असले की दिवसभरात पंधरा-वीस यंत्रं आरामात होतात. सोसायटीतली दोन-तीन कॉलेजची मुलं हाताशी असली की पुरे. स्क्रू ठेवायला चहाच्या बशा आणा, एका यंत्राला एक बशी.

एक काम मात्र कमिटीच करू शकते : नोटीस. बोर्डावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन आठवडे आधी लावा आणि त्यात या ओळी ठळक घाला. ‘लॅपटॉप चार्जरसकट आणावा. विंडोजचा पासवर्ड कागदावर लिहून आणावा. फोटो कुठे आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याच माणसाने यावे.’

आपले,
जुनी यंत्रं चालती ठेवणारे काही मुंबईकर